दहापैकी आठ

मुलीने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला बोटीच्या सफरीची तिकिटं काढली, तेव्हा मी तिला फोनवर सांगितलं होतं, "अगं, त्यापेक्षा स्वयंपाकघराचा ओटा बदलून दे." ऐकते कुठली! म्हणाली, "आई, छोटी लक्झरी बोट आहे. जेमतेम साठ प्रवासी. इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही तुम्हाला." मुंबईहून निघायचं, कोकणच्या किनाऱ्याने खाली कोचीपर्यंत जायचं, आणि रोज एका ठिकाणी उतरून फिरून यायचं, असा तो बेत. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. मग नाही म्हणायची सोयच उरली नाही.

इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही, हे मात्र शब्दशः खरं निघालं. मला त्याचाच वैताग आला. जेवताना हात धुवायला उठलं, की परत येईपर्यंत माझ्या नॅपकिनची कोणीतरी नव्याने घडी घालून ठेवलेली. पाण्याच्या जगकडे हात नेला, की मागून एक हातमोजा यायचा आणि जग उचलून न्यायचा. सकाळी खोलीतून जेवणघरापर्यंत जाताना नऊ जणांना गुड मॉर्निंग म्हणावं लागायचं आणि परत येताना पुन्हा त्याच नऊ जणांना. आपल्या अंथरुणाला परक्या माणसाने हात लावायचा म्हणजे मला कसंतरीच होतं, म्हणून मी उठल्याउठल्या चादर नीट घालून ठेवायचे. आम्ही बाहेर पडलो की खोलीवाला ती सगळी विस्कटून पुन्हा घालायचा. चार दिवस आमची ही मूक मारामारी चालली होती.

आणि चहा! चहा मागितला की एक लाकडी पेटी उघडून पुढे धरायचे. त्यात पंधरा तऱ्हेच्या पुड्या. अरे बाबा, चहा हवाय, चहा! आलं घालून उकळलेला! "शुअर मॅडम" म्हणून जायचे आणि कोमट पाणी, एक पुडी, वाटीत थंड दूध आणि बशीत आल्याचा एक तुकडा घेऊन यायचे. आमचे हे तेसुद्धा मिटक्या मारत प्यायचे. ह्यांना सगळंच झकास. मला कधी कधी वाटतं, ह्यांना उद्या कोणी गरम पाण्यात नुसती बशी बुडवून दिली तरी म्हणतील, वा, मस्त.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर नेलं ते 'मच्छीमार गावाचा अस्सल अनुभव' द्यायला. अंगात जॅकेट चढवून, रबरी होडीत बसवून, हातात थंड टॉवेल आणि डोक्यावर छत्री देऊन आम्हाला एका गावात उतरवलं. तिथे काय, तर बांबूवर वाळत घातलेले बोंबील. शेजारी एका कोळणीला दागिने घालून टोपली घेऊन बसवलेलं. कॅमेरा वर आला की ती बिचारी हसायची, खाली गेला की चेहरा पाडायची. सहलींचा मॅनेजर गळ्यात माइक अडकवून इंग्रजीत सांगत होता की हे जग आता फार थोड्या ठिकाणी उरलंय. माझं डोकंच फिरलं. मी ह्यांना म्हटलं, "हे बघायला मार्व्यावरून फेरीत बसून मनोरीला जाईन की मी! दुपारी घरी परत!"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बघते तर बोटीचा निळा युनिफॉर्म घातलेली एक बाई, अडतीस-चाळिशीची, तोंडावर हात दाबून. "मॅडम, हळू बोला ना," ती मराठीत म्हणाली. "मलापण हेच वाटतं, पण माझी नोकरी आहे यार."

ती वाकोल्याची. माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं. किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रवाशांना सांभाळून नेणं आणि सांभाळून आणणं हे तिचं काम, आणि ती त्या मॅनेजरच्या हाताखाली होती. मी निवृत्त शिक्षिका आहे, मराठी शिकवायचे, हे कळल्यावर तिने मॅडम सोडलं आणि मला बाई म्हणायला लागली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या सबंध बोटीवर माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटी.

दुसऱ्या दिवशी तिने तिचं सगळं सांगून टाकलं. ती अजून कायम नव्हती. ही तिची चाचणीची शेवटची सफर. घरात नवरा बरा होता, पण सासू आणि दीर पहिल्यापासून विरोधात. लेक सहावीत, आणि ही बोटीवर फिरते, हे काय खूळ? शेवटी असं ठरलं होतं, की या वेळी कायम झाली तर कोणी काही बोलायचं नाही. नाही झाली, तर गुपचूप दिराच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. "बाई, मी बारावीपासून असल्याच नोकरीचं स्वप्न बघत होते हो," ती म्हणाली. "समुद्रावरची नोकरी. मिळाली तीसुद्धा एवढ्या उशिरा." कायम करायचं की नाही ते प्रवाशांनी शेवटच्या दिवशी भरलेल्या फॉर्मवर ठरणार होतं. मी मनात म्हटलं, पोरी, माझ्याकडून तुला काही कमी पडायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पाण्यातला एक किल्ला बघायचा होता. सकाळीच तिने मॅनेजरला सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं. "साहेब, अकराच्या आत परत निघूया. नंतर ओहोटी लागते, होडी वाळूत बसेल." त्याने हातातला टॅब तिच्यासमोर धरला. वेळापत्रक हेड ऑफिसने ठरवलंय म्हणाला. जसा काही समुद्र हेड ऑफिसला विचारून खाली जातो! साडेअकराला आम्ही किल्ला बघून होडीत बसलो, होडी थोडी पुढे गेली आणि बसली वाळूत. इंजिन नुसतं घरघरतंय, चिखल उडवतंय. वाट लागली. बाकीचे लोक पँटी वर करून उतरले, गुडघाभर पाण्यातून घसरत किनाऱ्याकडे निघाले. मॅनेजर माइकवर सांगतोय, "हा एक वेगळा अनुभव समजा." ह्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. त्या शेवाळलेल्या दगडांवर हे एक पाऊल टाकू शकत नव्हते. तरी मला म्हणतात, "अगं, बसू की इथेच, भरती येईल संध्याकाळी." मला रडू फुटायचं बाकी होतं.

ती युनिफॉर्मसकट पाण्यात उतरली. किनाऱ्यावरच्या एका शहाळेवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आणली, आणि जाळी आवरत बसलेल्या माणसांना मालवणीत हाक मारली, "ओ भावानू, जरा हात लावा मा!" चौघे जण लगेच आले. ह्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची खांद्यावर घेतली आणि निघाली आमची वरात. खुर्चीचा पुढचा एक पाय हिने धरलेला, कमरेपर्यंत भिजलेली, आणि तोंडाने सारखं चालू, "काका, डावीकडे झुकू नका. काका, हात नका हलवू." हे वरून लोकांना हात हलवून दाखवत होते. किनाऱ्यावरून दुसऱ्या होडीने बोटीवर परतल्यावर अर्ध्या तासाने ती आमच्या खोलीत आली, तेव्हा हातात दोन कप. कामगारांच्या स्वयंपाकघरात जाऊन तिने स्वतः आलं ठेचून, उकळून चहा केला होता. त्या सबंध सफरीतला तो एकमेव चहा, बाकीचं नुसतं गरम पाणी.

त्याबद्दल तिला काय मिळालं? बोलणी. बाहेरच्या माणसांना प्रवाशाच्या अंगाला हात लावू दिला, हे नियमात बसत नाही म्हणे. मॅनेजरने तिला सुनावलं, की तू शोभा केलीस, आता सगळं फॉर्मवर आहे. हे मला तिनेच सांगितलं, हसत हसत. पण हसताना तिचे डोळे माझ्या तोंडावर होते.

शेवटच्या दिवशी दुपारी फॉर्म आला. खोलीला एक. हे म्हणाले, "सगळ्यांना दहा टाक आणि झोप. तुझं काय जातंय?"

"असे दहा उधळायचे तर मग दहाला अर्थ काय राहिला?"

"अगं, ही काय परीक्षा आहे?"

"मग काय आहे? आकडे मागतायत ना?"

चष्मा लावून, टेबलाशी बसून मी तो फॉर्म तासभर भरला. जेवण, सहा. चहा, दोन. सहलींची आखणी, चार. सहलींचा मॅनेजर, तीन, आणि तेही दयेपोटी. मग तिचं नाव आलं. माझ्या शाळेत निबंधाला दहापैकी आठ म्हणजे अख्ख्या वर्गाला वाचून दाखवायचा निबंध. बत्तीस वर्षांत आठ पडले असतील ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांना. साडेआठ एकदाच. नऊ नाहीत, दहा तर नाहीतच नाहीत. मी तिच्यापुढे आठ लिहिले. खाली जागा होती तिथे चार ओळींचा शेराही लिहिला, की प्रसंगावधान, माणुसकी आणि कामाची जाण या तिन्ही बाबतीत ही व्यक्ती बोटीवरच्या सर्वांहून सरस आहे. लिहून झाल्यावर मलाच भरून आलं.

उतरताना ती जिन्याशी उभी होती. मी तिचा हात धरून कानात सांगितलं, "तुला आठ दिलेत हं!"

तिचा चेहरा एकदम उतरला. "थँक यू, मॅडम," ती म्हणाली. पुन्हा मॅडम. मला वाटलं, दमली असेल बिचारी, सकाळपासून सामान उतरवतेय.

दहा-बारा दिवसांनी घरी फोन आला. कंपनीच्या ऑफिसातून, गोड आवाजाची मुलगी. "आपल्याला आलेल्या वाईट अनुभवाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मला वाटलं, चला, ओहोटीचं डोक्यात शिरलं एकदाचं! मी म्हटलं, "बरं झालं फोन केलात. त्या मॅनेजरला आधी भरती-ओहोटी शिकवा."

"नाही मॅडम, मी सहलीच्या मदतनीस कर्मचाऱ्याबद्दल बोलतेय. आपण त्यांना आठ दिले आहेत."

"हो, मग?"

"आमच्याकडे नऊच्या खाली असमाधानी धरतात, मॅडम. आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे. त्यांना पुढच्या सफरीवर घेतलेलं नाही."

मी किती वेळ आणि काय काय बोलले ते मला आठवत नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी काय झालं म्हणून वर आल्या, एवढं आठवतंय. माझी तक्रार नव्हती, मी कौतुक केलंय, शेरा वाचा, शेरा! तर ती मुलगी म्हणते, शेरा मशीन वाचत नाही, आकडा वाचतं. मग आकडा बदला. फॉर्म बंद झालाय, मॅडम. बरं, आणि तो मॅनेजर, ज्याला मी तीन दिले? "ते कायम आहेत. त्यांचा आढावा वेगळा होतो." माझ्या तोंडून चक्क शिवी गेली. ती मुलगी म्हणाली, "आपला दिवस शुभ जावो."

मी कंपनीला पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं. उत्तर यायचं ते छापील, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. ह्यांच्यावर चिडले, की तुम्ही माझ्या हातातून पेन का काढून घेतलं नाहीत. हे म्हणाले, "तुझ्या हातातून? पेन?" ते 'मी सांगत होतो' म्हणाले असते तरी बरं झालं असतं.

खुर्चीच्या वरातीचा फोटो तिने ह्यांना पाठवला होता, त्यामुळे तिचा नंबर होता. चार दिवस मी तो काढायचे आणि फोन खाली ठेवायचे. पाचव्या दिवशी लावला. तिने लगेच उचलला. "बोला बाई, दुकानातच आहे. आत्ता गिऱ्हाईक नाहीये."

मी भडाभडा बोलत सुटले. त्यांची पद्धत मला ठाऊक नव्हती, मी पत्रं लिहिलीत, आणखी लिहीन, हवं तर त्यांच्या ऑफिसात जाऊन बसते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"राहू दे ना, बाई. तुम्ही कशाला त्रास करून घेता? फक्त एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार गं."

"माझे दोन मार्क कशाचे गेले? म्हणजे मी रोज तेच आठवत बसते. खुर्ची आणली ते तुम्हाला आवडलं नाही का? की काकांना सगळ्यांसमोर ओरडले, हात हलवू नका म्हणून, त्याचे?"

"नाही गं बाळा, कशाचेच नाहीत. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"मग?"

खरं ते सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी म्हटलं, "मी आयुष्यात कोणालाच पूर्ण दिले नाहीत. माझा हातच जात नाही. एवढंच."

तिने मोठा श्वास सोडला. "असं होय!" ती म्हणाली. "मग ठीक आहे, बाई. मला वाटत होतं माझंच कुठेतरी काहीतरी राहिलं." तिला खरोखर बरं वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं. वर मला थँक यूसुद्धा म्हणाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.