तांबडा तारा आणि एल्बियोचा वस्तरा

सारांदी देल यी गावात दाढी करून घ्यायची तर रॉकेटं ऐकून घ्यावी लागत. एल्बियो लारोसा आधी गालांना फेस फासायचा आणि वस्तरा गळ्याशी टेकला की बोलायला लागायचा. अशा वेळी कोण वाद घालणार? कुठलं रॉकेट उडालं, कुठलं फुटलं, मंगळावरची गाडी कुठल्या दगडापाशी थबकली, शनीला आणखी किती चंद्र सापडले, हे सगळं कानात ओतून झाल्यावरच तो टॉवेल झटकायचा. उडालेलं रॉकेट परत येऊन समुद्रातल्या तराफ्यावर उभंच्या उभं उतरतं, हे पाहिल्यापासून तर त्याला धरबंद राहिला नव्हता. "आमची गाय नदीवरून येताना गोठा चुकते," तो म्हणायचा, "आणि हे आभाळातून येऊन पाटावर बसतं."

समोरचा खाटीक एबेर त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि तेव्हापासूनच त्याचं रॉकेटांशी हाडवैर. "त्याने माझ्या फ्रीजचं बिल कमी होणार आहे का?" तो फेसातूनच विचारायचा.

"हलू नकोस. कान जाईल."

"जाऊ दे. तेवढीच तुझी बडबड कमी ऐकू येईल."

दुकान एल्बियोच्या बापाचं. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा सात वर्षांचा एल्बियो याच दुकानात रेडिओला कान लावून बसला होता, आणि बाप गिऱ्हाइकाला अर्धवट दाढीत सोडून रस्त्यावर जाऊन चंद्राकडे बघत होता. त्या दिवशी लागलेलं वेड पोराला कायमचं चिकटलं. पण बापाकडून आणखी काही वारशाने येईल अशी धास्तीही एल्बियोने आयुष्यभर बाळगली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी बापाला तांबडा रंग फिका दिसायला लागला. वाइन तपकिरी दिसते म्हणून तो वाण्याशी भांडला. डोळ्याची शीर सुकत होती. त्याने ते घरात कुणाला सांगितलं नाही, हाताच्या अंदाजाने दाढ्या करत राहिला, आणि एका शनिवारी गावच्या वकिलाच्या कानाची पाळी कापली गेली तेव्हा सगळं बाहेर आलं. त्यानंतरची अकरा वर्षं तो खिडकीशी बसून होता. असा आजार पोरात उतरू शकतो, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते.

एल्बियोला आता अठ्ठावन्नावं लागलं होतं.

डिसेंबरात उन्हाळा सुरू झाला की गावातले लोक संध्याकाळी खुर्च्या फुटपाथवर आणतात. एल्बियो आणि त्याची बायको निबियाही आणायचे. मध्ये थर्मास, हातात येर्बाचं, म्हणजे कडू पाल्याच्या चहाचं भांडं, एकाच नळीने आळीपाळीने घोट. समोर एबेरच्या दुकानावरून मृग वर येतो. इथल्या, दक्षिण गोलार्धातल्या आभाळात तो उलटा, त्यामुळे काक्षी हा त्यातला तांबडा तारा खाली, छपराच्या अंगाला असतो. दर वर्षी उन्हाळ्याच्या पहिल्या मोकळ्या संध्याकाळी एल्बियो त्याच्याकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, तांबडा आहे, चला, यंदाही सुटलो. आपण असं करतो हे त्याने कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी काक्षी मलूल दिसला.

त्याने डोळे चोळले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. मृगाच्याच दुसऱ्या टोकाचा पांढरा राजन्य लखलखत होता, आणि काक्षी मात्र राखेतल्या निखाऱ्यासारखा. खरं तर रोहिणीही तांबूसच, डोळ्यातला तांबडा जायचा तर तीही फिकट व्हायला हवी, आणि ती चांगली ठणठणीत होती. उभा जन्म आभाळाकडे बघण्यात घालवलेल्या माणसाला हे सुचू नये? पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. सकाळी भाजीवाल्याकडचे टोमॅटोही त्याला उतरल्यासारखे वाटायला लागले.

एक गोष्ट मात्र त्याने बापासारखी केली नाही. वस्तरा पुसून, तेल लावून, पेटीत ठेवून दिला. "मनगट धरलंय," गिऱ्हाइकांना सांगितलं, "सध्या फक्त केस." आणि वस्तऱ्याबरोबर त्याची जीभही पेटीत गेली. रेडिओ बंद, फोनवरच्या बातम्या बंद. ज्या आभाळाला आपण उद्या मुकणार त्याच्या खबरी ठेवून करायचंय काय? संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. निबियाला म्हणाला, तिकडून वारा येतो.

गावाला आधी बरं वाटलं. मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. मंगळावरच्या गाडीचं काय झालं हे कुणालाच कळेना. एबेर केस कापायला बसला असताना स्वतःहून म्हणाला, "अरे, ते तुझं तराफ्यावालं रॉकेट? उडालं की नाही?"

"माहीत नाही."

एबेरने आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला घाम फुटला. एल्बियोला माहीत नाही म्हणजे कुणीतरी मेलं असणार.

घरात निबियाने नाताळाची साफसफाई काढली होती. एरवी तिचा कारभार म्हणजे किटली खिडकीत, चपला दारात आणि बोळात हमखास एक खुर्ची आडवी. त्या वर्षी सगळं भिंतीला लागलं. दारं एक तर सताड उघडी, नाही तर बंद. येर्बाचा डबा रोज त्याच जागी. "काय गं म्हातारे, पाहुणे यायचेत का?" एल्बियोने विचारलं. "घर नीटनेटकं असलं तर तुझ्या पोटात का दुखतं?" ती म्हणाली. डोळ्यांचं तिला कसं सांगावं हे त्याला कळत नव्हतं. नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून सासऱ्याला हात धरून तिनेच फिरवलं होतं. पुन्हा तेच तिच्या गळ्यात मारायचं?

नाताळ होऊन गेल्यावर एका सकाळी एबेर रस्ता ओलांडून आला. अंगात रक्ताने माखलेलं एप्रन तसंच, चेहरा उतरलेला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखतच तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

एल्बियोच्या हातातली कात्री थांबली. "काय?"

"आता सोंग करू नकोस. महिनाभर तोंड शिवून बसलायस. आम्ही घाबरू नये म्हणून ना? मोठा आलाय आमची काळजी करणारा. सकाळी रेडिओवर सांगितलं सगळं. तो तांबडा तारा विझत चाललाय. तीन मारिया म्हणतो त्या ओळीतल्या तीन ताऱ्यांजवळचा, माझ्या छपरावरचा. सगळ्या जगाची दुर्बीण तिकडे लागलीय. फुटणार म्हणतायत."

"कोण विझत चाललाय?"

"तारा! तुझा तारा! अर्ध्याहून कमी उजेड राहिलाय म्हणे त्याचा. खरं सांग, आपल्याला काही होणार आहे का? माझ्या पोरीचं मार्चमध्ये लग्न आहे."

एल्बियो गिऱ्हाइकाच्या खुर्चीचा हात धरून खाली बसला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. "रोहिणी," तो म्हणाला. "रोहिणी ठणठणीत होती रे. मी गाढव."

"ही रोहिणी कोण?" एबेरने संशयाने विचारलं.

एल्बियो हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून त्याला एबेरचं एप्रन दिसलं, लालभडक, कुणालाही दिसेल असं लाल. तो उठला आणि रक्ताची पर्वा न करता त्या एप्रनला मिठी मारली. जग ताऱ्याच्या काळजीत पडलं होतं आणि हा एकटा नाचत होता. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत राहिली.

"फुटणार की नाही ते सांग," एबेर मिठीतून म्हणाला.

"फुटेल तेव्हा फुटेल. उद्या, नाहीतर लाख वर्षांनी. आणि आज दिसतोय तो उजेड तिथून निघाला तेव्हा हे गाव नव्हतं, तू नव्हतास, तुझी पोरगी नव्हती. लग्न कर तिचं बिनधास्त. बस खुर्चीत. दाढी काय वाढवलीस ही?"

"तुझं मनगट?"

"बरं झालं."

वस्तरा पेटीतून निघाला, पट्ट्यावर चढला, आणि महिनाभराची तुंबलेली रॉकेटं एबेरच्या एकट्याच्या कानात गेली. तो एकदाही हलला नाही. मध्ये फक्त एवढंच म्हणाला, "आईशप्पथ, किती बरं वाटतंय."

संध्याकाळी फुटपाथवर एल्बियोने खुर्ची भिंतीकडून फिरवून छपराकडे तोंड केलं आणि निबियाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाप, तांबडा रंग, दर वर्षीचं ते बघणं. तिने नळीतून शेवटचा घोट घेतला.

"ठाऊक होतं मला," मग ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"मनगट धरलंय म्हणालास आणि त्याच हाताने भरलेला थर्मास उचलत होतास. दाढ्या करायचं सोडलंस तेव्हाच मी समजले. तुझ्या बापाबरोबर अकरा वर्षं काढलीत मी, म्हाताऱ्या."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगायची वाट बघत होते." ती उठली. "गरम पाणी आणते. आणि डॉक्टरकडे तरी जायचंच, आठवड्याभरात. ताऱ्याच्या भरवशावर मी राहणार नाही."

ती आत गेली. एल्बियो काक्षीकडे बघत बसला. बिचारा खरंच मलूल झाला होता, आणि आपल्याला त्याचा आनंद व्हावा याची त्याला थोडी लाज वाटली. पाणी यायला उशीर व्हायला लागला तसा तो उठून तिच्या मागे गेला. बोळात दिवा नव्हता. दोन पावलं टाकतो तोच नडगी कशावर तरी सणसणीत आपटली आणि तो भिंतीला धरून उभा राहिला.

खुर्ची होती. बोळाच्या मधोमध, आडवी.

या महिन्यात आपण घरात कशालाच धडकलो नव्हतो, हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. सताड उघडी दारं, भिंतीला लागलेलं सामान, एका जागी ठेवलेला डबा. बापाच्या वेळी घर असंच असायचं.

"कुणी ठेवली ही खुर्ची इथे?" त्याने नडगी चोळत ओरडून विचारलं.

"मी," स्वयंपाकघरातून निबिया म्हणाली. "का? दिसत नाही का तुला?"