चाचांच्या कॅसेटमधलं लेकरू

धुण्याच्या पावडरचा वास आला की मला लातूरची आमची मेस आठवते. मेसवाल्या मावशी भूकंपातल्या गावच्या. भूकंपाच्या आठवड्यात वीज नव्हती आणि टीव्हीवरच्या मालिकेचा शेवटचा भाग त्यांचा हुकला. त्यातला हरवलेला मुलगा घरी आला का, हे त्या ट्यूशनला आलेल्या प्रत्येक पोरीला विचारायच्या. तो भाग आता कुणाकडेच उरला नाही, असं सगळे सांगत. मग कंधारला लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका चाचांकडे त्या भागाची टीव्हीवरून घेतलेली कॅसेट असल्याची खबर लागली आणि आम्ही ती मिळवलीच. जाहिराती लागल्या की चाचा रेकॉर्डिंग थांबवायचे. त्या दिवशी नेमका बटणाचा क्रम उलटा झालेला. मालिका गायब, जाहिराती मात्र सगळ्या! पावडरचे बुडबुडे बघून आम्ही हिरमुसलो. पण शेवटच्या जाहिरातीनंतर चाचांचा हात जरा उशिरा पडला होता, आणि क्षणभर दिसलं: चूल, आई आणि ताटावर बसलेला तो मुलगा. मावशींनी तोंडाला पदर लावला. "आलं गं माय लेकरू! जेवायलंय बघ." टीव्ही बंद करून त्या भाकरी थापायला बसल्या. हल्ली तो भाग सापडल्याची अफवा मोबाइलवर अधूनमधून येते. मी तो मेसेज उघडत नाही. लेकराचं जेवण अजून चालू आहे.