करवंदाएवढी पिशवी

आमच्या सासूबाईंना, गुणाबाईंना, कुणी "सोडून द्या" म्हटलं की झालंच! मग त्या हात धुऊन त्याच गोष्टीच्या मागे लागतात. सुकापुरात घरामागे त्यांची गावठी कोंबड्यांची शेड आहे. चहूबाजूंनी टॉवर उठले, शेड काही हलली नाही. सासरे गेल्यावर त्यांनी याच कोंबड्यांवर घर चालवलं, माझ्या नवऱ्याला शिकवलं.

गेल्या वर्षी तिथे गंबोरो रोग शिरला. कोवळी पिल्लं पंख पाडून, पांढरं हगत पटापट मेली. माझे चुलत सासरे कमळाकरकाका सांत्वनाला म्हणून आले आणि जागेकडे बघत बोलले, "वैनी, मोडा आता ही शेड. गाळे काढू. या वयात कशाला घाण उपसायची?" असा संताप आला मला! पण सून पडले, गिळला.

पनवेलच्या दवाखान्यातली गुरांची डॉक्टर झेबा, तिने मेलेलं पिल्लू कापून दाखवलं. शेपटीखाली करवंदाएवढी पिशवी, सुजून लालभडक झालेली. रोगाशी लढणाऱ्या पेशी पिल्लू अंड्यात असतानाच या पिशवीत शिरतात, इथेच तयार होतात आणि मग अंगभर पसरतात. कोंबडी वयात आली की पिशवी आपोआप विरते. पण गंबोरोने ती कोवळेपणीच खाल्ली, तर जगलेलं पिल्लूही कमजोर राहतं.

"पण लशीचा डोस तर दिलेला मी!" सासूबाई उसळल्या.

"कधी?"

"अंड्यातून निघाल्या निघाल्या. आपल्या पोरांना नाय का जन्मल्या जन्मल्या देत?"

झेबाने कपाळाला हात लावला. "मावशी, तुमच्या कोंबड्यांना लस नीट झालेली. रोगाशी लढायची आईची ताकद अंड्यातून पिल्लांत उतरते. तिनेच तुमची लस मारून टाकली. पुढे ती ताकद ओसरली आणि पिल्लं उघडी पडली. ती ओसरायला लागली की डोस द्यायचा."

म्हणजे जास्तीची काळजी केली, तीच नडली. घरी येऊन सासूबाई ढसाढसा रडल्या. मग तोंड धुतलं आणि काकांना बोलावून घेतलं.

"भावजी, अजून एकदा पिल्लं काढते. तीपण अशीच गेली तर शेड माझ्या हातानं मोडीन. पण तोवर गाळ्यांचं नाव काढायचं नाय!"

शेड खरवडली, चुना मारला, रिकामी ठेवली. नवी पिल्लं निघाली तेव्हा डोस द्यायला त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. तरी थांबल्या. झेबाने सांगितलं त्याच दिवशी एकेकाच्या डोळ्यात थेंब टाकला.

आणि एका सकाळी कोपऱ्यात एक पिल्लू मेलेलं! कुणी चोंबडेपणा केला कोण जाणे, काका खिशात मोजायची टेप घालून हजर.

"वैनी, शब्द दिलेला तुमी."

"दिलेला. चला, तुमीच बघा काय ते."

मेलेलं पिल्लू कॅरीबॅगेत घालून आम्ही तिघं रिक्षाने पनवेलला गेलो. झेबाने पिल्लू कापलं. पिशवी फिकट पांढरी, टणक, जशी हवी तशी.

"रोगबिग काही नाही," झेबा म्हणाली. "गर्दीत दबून मेलंय. मावशी, पिल्लं वाढली, जागा पुरत नाहीये."

मला तिथेच रडू फुटलं. काका गपचूप दाराकडे निघाले. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला.

"कुठं निघालात? टेप आणलीय ना? घरी चला आणि टोक धरा. शेड वाढवायची हाय!"