डोहाळ्याची कोंबडी

सकाळचा चहा झाल्यावर शकुन मागच्या पडवीत गेली, जुन्या फ्रिजचं दार उघडलं, अन् आत दिवा लागला नाही. तिनं दार लावलं, पुन्हा उघडलं. अंधारच. हात आत घातला तर गार आहे असंही वाटलं अन् नाही असंही वाटलं. मग नजर भिंतीवरच्या बोर्डाकडे गेली. बटन बंद होतं.

आतल्या पातेल्यात मसाला लावून ठेवलेली अख्खी कोंबडी होती. बटन रात्री बंद झालं की आत्ता सकाळी, कोणाला माहीत! मार्च संपत आलेला, अमरावतीत रात्रीसुद्धा पंखा गरम हवा फेकत होता. रात्रभर उकाड्यात राहिलेली कोंबडी अन् घटकाभर राहिलेली कोंबडी दिसायला सारखीच, त्यातून वर लालभडक मसाला. फरक कळतो तो वासानं. मग घ्यावा की वास, त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. कोणीही म्हणेल. पण शकुनला वासच येत नव्हता.

कोरोनात ताप आला, ताप गेला, अन् वास गेला तो गेलाच. जिभेलाही फक्त तिखट झोंबायचं, बाकी सगळं मातीसारखं. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. घरचे रोज विचारायचे, आला का, आला का. एक दिवस वैतागून तिनं ‘आला’ म्हणून टाकलं. सगळ्यांना हायसं वाटलं, विषय मिटला. तेव्हापासून ही बाई नाकावाचून स्वयंपाक रेटत होती. मोहरीचं तडतडणं कानानं ऐकायची, कांदा रंगावरून ओळखायची, दूध नासलं की नाही ते आधी मांजरीला पाजून पाहायची. अन् कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

का लागू दिली नाही, तर तिचं सगळं नाव त्या स्वयंपाकावर होतं. बारसं असो की तेरवी, भावकीत पातेलं चढलं की ‘शकुनले बोलवा’ ठरलेलं. शेजारच्या मनकर्णाबाईचे हात थरथरायला लागले तसं सुनेनं ‘तुमी आता आराम करा’ म्हणून तिला खाटेवर बसवलं. आता ती बिचारी दिवसभर लसूण सोलते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, आज काय शिजलं वो? ती खाट दिसली की शकुन नजर फिरवून पाय उचलायची.

अन् ही कोंबडी काही साधीसुधी नव्हती. डोहाळ्याची होती. प्रणाली, तिची एकुलती एक लेक, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. झोप लागत नाही म्हणून मोबाइल पाहत पडायची, अन् त्यात तिला मेक्सिकन पद्धतीची भाजलेली अख्खी कोंबडी दिसली. झालं! “आई, मले हेच पायजे.” अकोल्याला तिच्या सासरी अंडंसुद्धा चालत नाही. उद्या सकाळी सासरचे तिला न्यायला येणार, परवा तिकडे डोहाळजेवण. म्हणजे खाऊ घालायचं ते आजच. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, असं शकुनची आई म्हणायची. शकुनचा त्यावर विश्वास होता असं नाही, पण लेकीची ती पहिलीच मागणी होती.

मग तिनं तो व्हिडिओ पाहून पाहून पाठ केला. परदेशी मिरच्या कुठून आणायच्या? आपल्याच लाल मिरच्या तव्यावर भाजल्या, भिजवल्या, लसूण-जिऱ्याबरोबर वाटल्या. वरुडची संत्री घरात होतीच, त्यांचा रस काढला, लिंबू पिळलं. पिझ्झ्याबरोबर आलेल्या ओरेगानोच्या, म्हणजे वाळक्या पाल्याच्या, पुड्या प्रणालीनं जमवून ठेवल्या होत्या, त्या टाकल्या. कोंबडी काल दुपारीच आणली, कारण आज महावीर जयंती, दुकानं बंद. दुकानदारानं सवयीनं साल ओढायला घेतलं तशी ती ओरडली, “राहू दे रे बाप्पा ते! सालच तं पायजे मले!” दुकानदार तिच्याकडे पाहतच राहिला.

आता ती कोंबडी स्वयंपाकघरातल्या चांगल्या फ्रिजमध्ये ठेवली असती तर काही झालं नसतं. पण तिचा नवरा पंजाबराव उपदेशी माणूस. अठरा वर्षांपूर्वी रिद्धपूरला जाऊन महानुभावांचा उपदेश घेतला, तेव्हापासून मांसाला शिवले नाहीत. दुसऱ्यांनी खाऊ नये असं त्यांनी एका शब्दानं म्हटलं नव्हतं. शकुननंच आपल्या मनानं ठरवलं की मटण-कोंबडी मागच्या पडवीत शिजेल, त्याची भांडी वेगळी, त्याचा फ्रिज वेगळा, अन् त्याबद्दल त्यांच्यापुढे बोलायचं नाही. ते पडवीत आले तर झाडांना पाणी टाकायला. रिकामा फ्रिज कशाला घुरघुरतो म्हणून बटन त्यांनीच बंद केलं असणार, हे तिला पाहताक्षणी कळलं. कधी केलं विचारावं तर आत कोंबडी होती हे बोलावं लागणार, अन् ते म्हणणार, मंग वास घेऊन पाह्य ना. तिथंच सगळं अडत होतं.

तिनं बटन चालू केलं. पातेलं ओट्यावर घेतलं, बोटानं कोंबडी दाबून पाहिली, चिकट लागते का पाहिलं. मसाल्यानं सगळंच चिकट. मांजरीपुढे टाकावी तर एवढ्या मिरचीला ती तोंड लावणार नाही. पार नाक लागेस्तोवर वाकली अन् छातीभर श्वास ओढला. काही नाही. कोरी हवा.

“काय करून राहिली व आई?”

दारात प्रणाली, पदर नाकाला लावून. तिला हल्ली उदबत्तीचाही वास सहन व्हायचा नाही, काल तर साबणाच्या वासानं ओकली होती. तिच्या नाकाचा काय भरवसा?

“काही नाही. पाहून राहिली, मुरली का.”

“रात्री लाइट गेली होती का थोडी? मले जाग होती, पंखा बंद झाल्यासारखा वाटला.” प्रणाली लांबूनच म्हणाली. “तू वास घेऊन पाह्यला ना? डॉक्टरीणबाईनं सांगितलं हाय, शिळंपाकं काही खाऊ नको म्हणून.”

“घेतला ना,” शकुन म्हणाली. “मस्त हाय.”

शब्द तोंडातून गेला अन् मग तिला उमगलं. इतकी वर्षं ती खोटं बोलत होती, पण ते आपल्यापुरतं. हे खोटं लेकीच्या पोटात जाणार होतं. प्रणाली हसत हसत आत गेली, “लवकर कर, भूक लागली” म्हणत.

शकुननं कोंबडीच्या पोटात अर्धं लिंबू अन् कांदा भरला, पाय दोऱ्यानं बांधले, ती ट्रेमध्ये ठेवून ट्रे पडवीतल्याच ओव्हनमध्ये सरकवला. चांगलीच असेल, ती स्वतःला सांगत होती, आगीत सगळं मरते. ओव्हनच्या कळीवर बोटं ठेवली अन् ती बोटं फिरेनात. फेकून द्यावी? दुसरी मिळणार नाही, अन् का फेकली ते सांगावं लागणार. मनकर्णाबाईला हाक मारून वास घ्यायला लावावा? संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत बोभाटा. पोरीला काही झालं, बाळाला काही झालं, तर कोणत्या तोंडानं अकोल्याच्या लोकांपुढे उभी राहू? अन् लोकांचं जाऊ दे, स्वतःपुढे कशी उभी राहू?

तिनं ट्रे बाहेर ओढला.

“अवो! जरा इकडं या ना.”

पंजाबराव पोथी मिटून उठले, पडवीच्या उंबऱ्याशी थांबले. ट्रेकडे पाहून नजर वळवली. “काय व?”

“याचा वास घेऊन सांगा, चांगली हाय का बिघडली.”

“मी?” त्यांना थट्टाच वाटली. “डोकं ठिकाणावर हाय ना तुह्यं? तुले नाक नाही काय?”

“नाही,” शकुन म्हणाली.

“काय नाही?” पंजाबरावांनी विचारलं.

“नाही म्हणते मी. वास येतच नाही मले. कोरोनात गेला तो आलाच नाही. आला म्हणून खोटं सांगितलं तुमाले. पोरीलेबी आत्ता खोटंच सांगितलं. फ्रिज बंद होता अन् मले समजून नाही राहिलं, हे तिले खाऊ घालू का नको!” बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

पंजाबराव एकदम भडकले. “अन् त्या दिवशी गॅस सुरू राह्यला होता तो? सर्दी झाली म्हणली होती तू मले! माचिस हातात होती माह्या, उदबत्ती लावाले निंगालो होतो! मी आलो नसतो सैपाकघरात तं दोघंही गेलो असतो. काहून नाही सांगितलं?”

“सांगून काय झालं असतं? खाटेवर बसवलं असतं मले लसूण सोलत.”

“कोण बसवते तुले?” ते ओरडले. “सैपाक काय मी करणार होतो?”

आतून प्रणालीनं विचारलं, “काय झालं वो बाबा?” “काही नाही, तू पडून राह्य,” पंजाबराव म्हणाले. धोतराचा सोगा सावरत ते उंबरा ओलांडून आले. ट्रेसमोर उभे राहिले. शकुनला वाटलं, नाही म्हणतील अन् परत जातील. म्हटले असते तर तिनं दोष दिला नसता.

ते वाकले. डोळे मिटून वास घेतला. चेहरा कसनुसा झाला, पण मागे हटले नाहीत, पुन्हा एकदा जवळ जाऊन घेतला.

“लसूण येऊन राह्यला. संत्रं. अन् कोंबडीचा असते तो. नासलेला नाही.”

“नक्की? अठरा वर्षं झाले तुमाले.”

“नासकं काय असते ते इसरत नाही माणूस. अन् नासन कशी? बटन म्याच बंद केलं, आत्ता, झाडाले पाणी टाकाले आलो तेव्हा. राती तं मी इकडं फिरकलोच नाही.”

“खरं सांगून राहिले?”

“खोटं तू बोलते. मी नाही.”

हे बोलणं तिला लागलं. तिनं ट्रे आत सरकवला अन् कळ फिरवली. पंजाबराव जातील असं वाटलं होतं, पण त्यांनी स्टूल ओढलं अन् दाराशी बसले. तोंड आंबट, हातात पोथी, लक्ष ओव्हनकडे. ती काचेतून रंग पाहायची अन् ते तिथून तुटकपणे सांगायचे. जिरं येऊन राह्यलं. आता काही जळून राह्यलं, पाह्य. खरंच एका बाजूचं साल काळं पडायला लागलं होतं. तिनं ट्रे फिरवला, वरून रस सोडला.

दुपारी कोंबडी ताटात आली तेव्हा साल तांबूस कुरकुरीत झालं होतं अन् सुरी लावताच मांडीतून नितळ रस वाहिला. प्रणाली पदर विसरून पाटावर बसली. पहिला घास घेतला, डोळे मिटले. “आई गं!” म्हणाली अन् दुसरा तोडला.

शकुन उभीच होती. नेहमी या वेळी ती स्वयंपाकघरात निघून जायची, कोणी चवीबद्दल काही विचारायच्या आत. आज गेली नाही.

“मीठ बरोबर हाय का सांग,” ती म्हणाली. “खरं सांग. मले समजत नाही. वास नाही का चव नाही, कोरोनापासून.”

प्रणालीचा हात थांबला. तिनं बापाकडे पाहिलं. पंजाबरावांनी मान हलवली.

“जरा कमी हाय,” प्रणाली हळूच म्हणाली.

“आजच?”

प्रणाली ताटाकडे पाहू लागली. “नाही व आई. किती दिवसापासून कमीच असते. कधी कधी तं नसतेच.”

“अन् तुमी खात होते?”

“वरून घेत होतो, तू आत गेली की. बाबाही. आमाले वाटलं, तुह्यं मन लागत नाही आता सैपाकात. तुले वाईट वाटन म्हणून कोणी बोललो नाही.”

शकुन लेकीच्या पाटाशेजारी बसली. ज्या नावासाठी तिनं हा सगळा खटाटोप केला होता ते नाव घरात तरी कधीच गेलं होतं, अन् घरातल्या माणसांनी ते तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. तिला लाज वाटली, या दोघांचा मनस्वी रागही आला, अन् त्या रागातच लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं. डोळे पुसून तिनं मिठाचा डबा ओढला अन् प्रणालीपुढे आपला तळहात पसरला.

“किती पायजे ते ठेव याच्यावर. पाहू दे मले.”

प्रणालीनं बोटं धुतली, चिमटीत मीठ धरून आईच्या तळहातावर सोडलं. शकुन वाकून पाहत राहिली.

“एवढं?”

“अजून थोडं,” प्रणाली म्हणाली.