बर्फाच्या कारखान्यातली काळी ट्रंक

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी सावर्ड्याच्या बाजारात फणसावर टिचक्या मारत उभा होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत... माझ्या तोंडून निघालं, "असा कसा गेला? आमचं बोलणं व्हायचंय अजून." नवरा गेलेल्या बाईला कोणी असं म्हणतं का? पण आदल्या दिवशी वसंताचं आणि माझं फोनवर कडाक्याचं वाजलं होतं आणि "उद्या बोलू" म्हणून मीच फोन ठेवला होता. भांडण अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यातला तो नव्हता. त्या दिवसापासून मी ते एकटाच भांडतोय. घरी बसवत नाही, बाहेर पडलो की घरी यावंसं वाटतं. आमची ही म्हणते, पायाला भिंगरी लागलीय तुमच्या.

वसंत भाटकर म्हणजे रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याचा मालक, ही त्याची गावातली ओळख. माझ्यासाठी तो त्याच्या कितीतरी आधी सैनिकी महाविद्यालयातला माझा सोबती. रत्नागिरी जिल्ह्यातून त्या वर्षी आम्ही दोघंच निवडलो गेलो, तो होडीवाल्यांच्या घरातला आणि मी शेतकऱ्याचा. पोहण्यात, धावण्यात, गणितात तो माझ्या पुढे. शेवटच्या सत्रात मुष्टियुद्धात त्याच्या डाव्या डोळ्याला मार बसला. आतला पडदा सुटला, तो पुन्हा नीट बसला नाही, आणि वैद्यकीय मंडळाने त्याला घरी पाठवलं. दीक्षान्त संचलन तोंडावर आलं होतं. काळी पत्र्याची ट्रंक घेऊन तो एसटीने बंदरावर उतरला, तेव्हा त्याच्या वडिलांनी ट्रंकेवरचं पांढऱ्या अक्षरातलं 'कॅडेट व. ग. भाटकर' वाचलं आणि म्हणाले, "सकाली लवकर ऊठ. बरफ काडायचाय." सांत्वन म्हणून त्याला जे काही मिळालं ते एवढंच.

मी अधिकारी झालो, खांद्यावर तारे लागले आणि पहिल्या नेमणुकीआधी रजेवर घरी आलो. त्याला भेटायचं कसं, बोलायचं काय, या विचाराने रत्नागिरीचं नाव काढत नव्हतो. तर तोच एक दिवस सावर्ड्याला आमच्या अंगणात हजर. हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश. "शिंद्या, तुझं अक्षर म्हणजे खेकड्याची फेंगडी चाल. ट्रंकेवर लेफ्टनंट मी लिवणार." उकिडवा बसून त्याने माझ्या ट्रंकेवरचं 'कॅडेट' खरवडलं आणि तिथे 'लेफ्टनंट' लिहिलं, एका डोळ्याने, ओळ तसूभरही वाकडी न जाऊ देता. मग आईच्या हातचं जेवला आणि गेला. त्याच्या डोळ्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. ना त्याने काढला, ना मी.

तिथून ती प्रथाच पडली. दापोली, चिपळूण, राजापूर, कुठलाही पोरगा आमच्या कॉलेजातून पास होऊन आला की ट्रंक घेऊन वसंताकडे जायचा. पास होणाऱ्यांची रजा आणि पावसाळ्यातली मासेमारीची बंदी नेमकी एकाच वेळी येते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, कारखान्याची घरघर बंद. त्या रिकाम्या, ओलसर जागेत सतरंज्या पडत. जिल्ह्यातले आम्ही निवृत्त म्हातारे जमायचो, नवी पोरं, त्यांचे आईबाप, आणि ताजी मासळी नाही म्हणून वहिनींची सुक्या कोळंबीच्या सोड्यांची खिचडी. आमच्यातल्या काहींना भाषणाची हौस दांडगी. राष्ट्र, त्याग, परंपरा... माझाही त्यात नंबर असे. वसंता कधीच बोलायला उभा राहिला नाही, खरं तर कधी बसलाही नाही. त्या माणसाला बूड टेकवणं माहीतच नव्हतं. रंगवता रंगवता पोराला हळूच विचारायचा, "पहिल्या महिन्यात रडू येतं. कुठं रडणार ते ठरवलंयस का?" पोरगं हसायचं. वर्षभराने त्याच पोराचा कुठल्या तरी बर्फातल्या चौकीवरून फोन यायचा, तो मला नाही, वसंताला.

रंगकाम चालू असताना नवा अधिकारी बसायचा ते वसंताच्या स्वतःच्या जुन्या ट्रंकेवर. तिच्यावर अजूनही 'कॅडेट'च होतं, अक्षरं विटत चाललेली. एरवी तिच्यावर चहाची किटली असे. ती ट्रंक कोणाची, असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. नाव तर सगळ्यांना वाचता येत होतं.

आमचं भांडण झालं ते देवरूखच्या सायलीवरून. या वर्षी जिल्ह्यातून तिघं पास झाले. चौथी तीच व्हायची, पण शेवटच्या सत्रात घोड्यावरून पडून तिच्या पाठीचा मणका दुखावला आणि तिला घरी पाठवलं. वसंता म्हणाला, तिलाही बोलवायचं. मी म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं. तिच्याबरोबरची पोरं तिच्यासमोर ट्रंका रंगवून घेणार. हे जखमेवर मीठ चोळणं झालं." तो म्हणाला, "ती ठरवेल ना काय ते. आपण आधीच दार कशाला लावायचं?" मी आवाज चढवला. मग तो म्हणाला, "तुम्ही पास झालात तेव्हा मला कोणी बोलावलं नव्हतं, शिंद्या. बोलावलं असतं तर मी आलो असतो." इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच काढलं होतं. उद्या बोलू, म्हटलं.

तेराव्यानंतर वहिनींनी विचारलं, पोरांचं जमवायचं ना? मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी देवरूखची एसटी पकडली. पटलं म्हणून गेलो असं नाही. ते अर्धं भांडण मला स्वस्थ बसू देईना म्हणून गेलो. सायलीचे वडील एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांनी दारातच दबक्या आवाजात सांगितलं, "साहेब, ती कुणाशी बोलत नाय. आल्यापास्नं खोलीतच हाय." पण ती बाहेर आली, पाठीला पट्टा बांधलेला, ताठ चालत. मी माझी ओळख सांगितली, भाटकरांचा मित्र. ती म्हणाली, "सर रोज संध्याकाळी फोन करायचे. आर्मीचं कधी बोलले नाहीत. काय जेवलीस, पाठ दुखते का, एवढंच. आता बंद झाले." मग तिने विचारलं, "कंटाळले का?"

तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. ती खिडकीकडे वळली. "मला वाटलं, त्यांनीपण सोडलं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. वडील दारात उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. मी निरोप दिला, सरांची इच्छा होती तू यावंस. यायलाच हवं असं नाही. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

जमायच्या दिवशी कारखान्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ती येऊ नये असं वाटे, आणि प्रत्येक रिक्षेच्या आवाजाला दाराशी जाई. तिघं लेफ्टनंट ट्रंका घेऊन बसले होते आणि ब्रश या वेळी माझ्या हातात होता. मी 'लेफ्टनंट'चा 'ल' काढला तो खेकड्याच्याच चालीचा. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. तेवढ्यात ती आली, वडिलांबरोबर, रिकाम्या हाताने. तिघंही उठून उभे राहिले. एकजण आपली ट्रंक पायाने मागे सारायला लागला. सायलीनेच त्याला विचारलं, "काय रे, सुकलास किती?" मग माझ्या अक्षराकडे बघून म्हणाली, "काका, द्या इकडे." पट्ट्यामुळे तिला वाकता येत नव्हतं. पोरांनी ट्रंका टेबलावर चढवल्या आणि तिने उभ्याने तिन्हींवर लिहिलं. तिचा ओठ मध्येच दाताखाली जात होता. त्या घटकेला मला माझंच बरोबर वाटत होतं. हे तिच्याकडून करवून घ्यायला नको होतं. अजूनही कधी कधी तसं वाटतं.

तिन्ही नावं झाली तरी तिने ब्रश ठेवला नाही. किटली बाजूला करून वसंताची ट्रंक वर घ्यायला सांगितली. वहिनी पुढे आल्या. "हिच्यावर काय लिहणार गो?"

"आहे तेच," सायली म्हणाली, आणि विटलेल्या 'कॅडेट'च्या पहिल्या अक्षरावरून ब्रश फिरवायला लागली. सगळं नाव उजळेपर्यंत ती थांबली नाही. रंग ओला म्हणून किटली जमिनीवर राहिली. वहिनी ट्रंकेपाशी उभ्याच होत्या, ओल्या अक्षराला लागू नये म्हणून पदर आवरून.

आता बंदी उठलीय. कारखाना पुन्हा घरघरतोय, बर्फाच्या लाद्या फुटतायत, ट्रंकेवर किटली आलीय. मी दोन-चार दिवसांनी जातो, उभ्याने चहा घेतो आणि काहीतरी काम आठवल्यासारखा निघतो. रंगाचा डबा आणि ब्रश तिथे नाहीत. त्या दिवशी निघताना सायलीने वहिनींना विचारून ते आपल्या पिशवीत टाकले. "इथं राहिले तर ब्रश वाळून जाईल," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी येताना आणते."