शेपटाचं पाणी

गळता नळ दिसला की माझ्या हाताला राहवत नाही. उमरग्याच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं लोक डॉक्टरांपेक्षा मला जास्त टरकून असतात, कारण हात धुऊन नळ उघडा टाकणाऱ्याला मी सोडत नाही. माळावरची पोर आहे मी, वाया जाणारं पाणी मला बघवत नाही. या स्वभावाचं मला लई कौतुक होतं. आता नाही.

बेंबळीच्या पलीकडं माळावर आमची जमीन. विहीर मात्र शेजारच्या चाचांच्या रानात, त्यांच्या आणि आमच्या आजोबांनी मिळून खणलेली. निम्मी त्यांची, निम्मी आमची. सोमवारी संध्याकाळपासून शुक्रवारच्या नमाजापर्यंत पाणी आमचं, पुढं त्यांचं. विहिरीपासून पाट निघायचा आणि चाचांच्या रानातून वळसे घेत खाली आमच्या रानात उतरायचा.

शुक्रवारी चाचा गावातून नमाज पढून यायचे, टोपी खिशात घालायचे आणि खोऱ्यानं वरच पाट फोडून पाणी आपल्या कांद्यात वळवायचे. त्या घडीला जे पाणी पाटात पुढं निघून आलेलं असायचं, ते पाळी संपली तरी आमचंच. त्याला शेपूट म्हणायचे. शेपूट मागायचं नाही आणि नाकारायचंही नाही, एवढाच नियम. कुठं लिहिलेला नव्हता, पण त्यावरून दोन घरांत कधी तोंड वाजलं नाही.

शेपटाच्या पाण्यावर आईचा एक वाफा होता, लिंबोणीच्या बुडाशी. मेथी, कोथिंबीर, चुका, कडेला चार वांग्याची झाडं. पहिली जुडी चाचांच्या घरी जायची. शुक्रवारी शाळा बुडवून मी त्या वाफ्यापाशी बसायची. वरून वडील हाक मारायचे, "आलं का?" पाणी वाफ्याच्या तोंडाशी टेकलं की मी ओरडायची, "आलं." मग थोड्या वेळानं, "भरला का?" आणि मी, "भरला." एवढं बोलायला मिळावं म्हणून आठवडाभर वाट बघायची. आज कुणी विचारलं, तुला मागचं काय परत पाहिजे, तर मी तेवढंच मागीन.

वडील गेले. भाऊ आधीच पुण्याला स्थिरावला होता. जमीन बटईनं दिली, फक्त तो वाफा आईनं आपल्याकडं ठेवला. चाचांनी ठिबक केलं, पाट बुजला, त्याच्या जागी पाइप आले. शेपूट संपलं असं मी धरून चालले. आई गावात एकटी राहायची आणि भाऊ फोनवर फोन करायचा, पुण्याला चल म्हणून. तिचं उत्तर ठरलेलं. "माझा वाफा हिरवा हाय तोवर म्या कुठं येत न्हाय." मला वाटायचं, म्हातारी लांबून हंडे वाहते आणि गुडघे घालवून बसते. मग मीही तिच्या मागं लागायची.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका शुक्रवारी दुपारी गावी गेले. घराला कुलूप, म्हणून तशीच रानात गेले. आई तिथंही नव्हती. बांधावर चाचांच्या पाइपाचं शेवटचं टोक उघडं पडलं होतं, वाफा काठोकाठ भरून पाणी बाहेर चाललं होतं. माझा जीव नुसता कासावीस झाला. एवढ्या कडक उन्हात चाचांचं पाणी वाया जातंय आणि कुणाला पत्ता नाही! टोपण शोधून बसवलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून पाइप दुमडून कुंपणाच्या तारेनं आवळला, बँडेज आवळते तसा. घरी आले तर आई कुणाच्या तरी मयतीहून परतली होती. बोलण्याच्या नादात तिला सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय.

दीड-दोन महिन्यांनी तिचा फोन आला. "दादाला सांग, ये म्हणावं न्यायला."

मी विचारलं, "असं एकाएकी?"

"वाफा गेला," म्हणाली.

मी म्हटलं, "बरं झालं बाई, सुटलीस एकदाची." हे मी मनात नाही, तिला म्हणाले.

आता ती पुण्यात चौथ्या मजल्यावर आहे. गुडघ्यांनी जिना उतरवत नाही आणि लिफ्टची भीती वाटते. वहिनी चांगली आहे, तिला करमावं म्हणून भाजी निवडायला देते. मेथीची जुडी आली की आई तिचा वास घेते आणि तशीच खाली ठेवते, असं वहिनीच सांगते.

गेल्या महिन्यात मला सुट्टी मिळाली ती नेमकी शुक्रवारी. आईला आपल्या झाडाची लिंबं पाठवावीत म्हणून रानात गेले. चाचा मोटर चालू करून बांधावर बसले होते. आता पार वाकलेत. पोराबाळांची चौकशी झाली, दवाखान्याची झाली. मग खाली बघत म्हणाले, "एक विचारू का बेटी? राग मानू नको."

"विचारा की चाचा."

"भाभींनी पाणी का बंद केलं? आमचं काय चुकलं?"

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. ठिबक आलं तरी दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते पाइपाचं टोपण काढायचे. आतला कचरा निघायला पाइप अधूनमधून धुवावाच लागतो. आठवड्याला कशाला, म्हणून त्यांचा मुलगा कुरकुरायचा. पण चाचा ऐकायचे नाहीत, आणि धुतलेलं पाणी आमच्याच वाफ्यात सोडायचे.

"शेपूट हाय ना ते तुमचं," ते म्हणाले. "एक दिवस बघतो, तर तुमच्या बाजूनं तारेनं आवळलेलं. मी म्हटलं, भाभींना नको आसल आता. मग विचारायचं तरी कसं?"

आणि तिकडं आई, तार चाचांनीच आवळली असं धरून, शुक्रवारमागून शुक्रवार वाफ्याच्या तोंडाशी बसून राहिली असणार. शेपूट मागायचं नसतं.

"चाचा, ती तार मी आवळली," मी म्हणाले. "वाया जातंय असं वाटलं मला."

"तू?" एवढंच म्हणाले ते. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिथूनच आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. रडत सांगितलं, लपवत नाही. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं, चिडायलाच हवं होतं. ती म्हणाली, "मग दोन वर्सं त्यांनी मला काय म्हटलं आसल गं?" आणि मग, "आन म्या त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं."

एवढ्यात चाचा बोटांनीच तार सोडवायला बसले होते. गंजून घट्ट झालेली. फोन कानाशी धरून मी दुसऱ्या हातानं ओढू लागले. टोपण निघालं. आधी लाल गाळ आला, मग स्वच्छ पाणी.

"कसला आवाज येतोय?" आईनं विचारलं.

"चाचांनी पाणी सोडलंय."

"शुक्रवार हाय का आज?"

"हो."

मग तिनं विचारलं, "आलं का?"

वाफा राहिला होता कुठं? आई पुण्याला गेल्यावर बटईवाल्यानं त्याचे बांध मोडून नांगर घातला होता. लिंबोणीपर्यंत नुसती ढेकळं. पाणी त्या ढेकळांत शिरत होतं आणि जागच्या जागी जिरत होतं.

"आलं," मी म्हणाले.

"भरला का?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"भरला, आई."