एकशे छप्पन्न सेंटिमीटर

आमच्या घरात दूध लिटरनं येतं, सोयाबीन क्विंटलनं जातं, आणि शेलूबाजारहून वाशीम किती किलोमीटर हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण माणूस मोजायचा म्हटला की सगळे फुटावर घसरतात. याच्यावर मी पत्रक काढलं: ‘किलोनं घेता, लिटरनं घेता, मग फुटानं काहून मोजता?’ स्टँडवर वाटताना जीपवाले हसले. एक म्हणाला, “फुटानं तुह्यं काय बिघडवलं बे?”

बिघडवतच होता. माझ्या बहिणीची भरती बिघडवत होता.

बहीण पोलीस भरतीसाठी वर्षभर पहाटे हायवेच्या कडेनं धावली. पायाची सालं निघाली, पण थांबली नाही. अर्ज भरायची वेळ आली आणि मामा आले. मामा म्हणजे आमच्या नात्यातले पहिले नोकरदार. मायसाठी त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी जाहिरात वाचली. मुलींना उंची किमान एकशे पंचावन्न सेंटिमीटर हवी. मग शाळेची पट्टी मागवली आणि हिशेब मांडला. तीस सेंटिमीटरची पट्टी म्हणजे एक फूट. पाच पट्ट्या म्हणजे पाच फूट, दीडशे. उरले पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच.

“पाच फूट दोन इंच पाह्यजे. पोरगी पाच फूट दीड इंच. अर्ध्या इंचानं गेली.”

“मंग?” मायनं विचारलं.

“मंग काय? ग्राउंडवरून वापस येईन, गावभर हासू होईन. त्यापरीस रिसोडचं स्थळ चांगलं हाय.” आणि पिशवीतून तिचा लग्नाचा बायोडाटा काढला.

माय बायोडाटाकडं पाहू लागली. ती मान हलवणार हे मला दिसत होतं. एकदा तिनं मान हलवली की अर्ज भरलाच जाणार नव्हता.

मला संताप आला. पट्टी म्हणजे फूट नव्हे! फूट तीस सेंटिमीटरपेक्षा जवळपास अर्ध्या सेंटिमीटरनं मोठा. पाच फुटांत ते अडीचच्या घरात जातं, म्हणजे एकशे पंचावन्न हे पाच फूट एकच इंच, आणि मामांची एका इंचाची चूक. शिकलेली माणसंही सर्रास करतात ती, आणि त्या एका इंचात माझ्या बहिणीचं वर्ष चाललं होतं.

मी तोंड उघडायच्या आत तिनं बायोडाटा उचलला. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या.

“मामा, नवऱ्यासाठी मी पाच-तीन, अन् भरतीसाठी पाच-दीड? मधातला दीड इंच कुठी ठेवला तुमी?”

“बायोडाटात सारेच जरा वाढवून लिहतेत ओ.”

“मंग भरतीतही लिहू का वाढवून?”

मायला हसू फुटलं. मामा नाही हसले. मी म्हणालो, “मामा, जाहिरात सेंटिमीटरात हाय ना? मंग फुटात कायले जाता? सेंटिमीटरातच मोजा.”

माझ्याकडे स्टीलचा टेप होता. बहीण अनवाणी भिंतीला टेकली, अंबाडा सोडला. मायनं तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, मी खूण केली आणि टेप मामांच्या हातात दिला.

“तुमीच वाचा.”

मामा वाकले. चष्मा सरकवला. “एकशे… छप्पन्न.” मग म्हणाले, “परत धर.” परत धरलं. छप्पन्नच.

“म्हणजे बसते?” मायनं विचारलं.

“बसते.”

“मंग भर अर्ज. अन् ते स्थळ राहू दे तिकडंच.”

त्या दिवसापासून माय बायांना पोरीची उंची सेंटिमीटरात सांगते. त्या विचारतात, म्हणजे किती? माय म्हणते, “एकशे छप्पन्न म्हणजे एकशे छप्पन्न.” टेलरचाचांनी बहिणीच्या ट्रॅक पँटसाठी इंचाचा टेप काढला, तर बहिणीनं तो उलटा करून धरला. चाचा बडबडले, “इंचात शिवून म्हातारा झालो, बेटा!” पण लिहिलं सेंटिमीटरातच. माझ्या पत्रकानं जे झालं नाही ते या दोघींनी केलं. अभिमान म्हणतात तो हाच, आणि तो मी लपवणार नाही.

भरतीच्या दिवशी मामा स्वतःहून आले. आम्ही ग्राउंडच्या जाळीबाहेर उभे होतो. बऱ्याच वेळानं बहीण उंचीच्या तंबूतून बाहेर आली, आम्हाला शोधलं आणि ओरडली, “पात्र!”

मामांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला. “एकशे छप्पन्न हाय आमची!” त्यानं विचारलं नव्हतं.

मुली धावायला ओळीत उभ्या राहिल्या. मामा मला म्हणाले, “आठशे मीटर म्हणजे अर्धा मैल ना रे?”

“आठशे मीटर म्हणजे आठशे मीटर, मामा.”

“हाव बाप्पा, हाव,” ते म्हणाले, आणि शिट्टी वाजताच जाळीला दोन्ही हातांनी धरून माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडू लागले.